बहिणीच्या नावावरचा टॅक्स

टॅक्सबद्दल आमच्याकडं सगळ्यांना सगळं माहीत असतं. मी परभणीत घरीच ब्लाऊज शिवते. दिवसभर बायका येतात आणि माप देता देता एकेक बातमी टाकून जातात. पॅनकार्ड काढलं की लगेच टॅक्स सुरू होतो. फोनवर दोन हजारांच्या वर पैसे घेतले की त्यातले सरकार कापून घेतं. बाईच्या नावावर ठेवलं की कुणी विचारतच नाही. मी तोंडात टाचण्या धरून ऐकते आणि मनातल्या मनात चिडते, कारण मला एक खोड आहे. बाईनं तोंडी कितीही खात्रीनं माप सांगितलं तरी टेप लावल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. त्या फोनवरच्या पैशांचं ऐकलं तेव्हा मी तडक बँकेत जाऊन विचारलं होतं. काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, "ताई, असं काही नाही, जा निवांत ब्लाऊज शिवा." गिऱ्हाइकांना मी हे सांगितलं, तर त्यांना माझंच खरं वाटेना!

पण घरच्या माणसानं सांगितलं तर? तिथं कोण टेप लावत बसतं?

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं होतं. पेडगावला आमचं शेत आणि घर आहे. तिथं आई, माझा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची लेकरं राहतात. एका रविवारी भाऊ परभणीला आला. येताना हरभऱ्याची भाजी आणली, शेंगा आणल्या आणि पिशवीतून हळूच एक साडी काढून माझ्यापुढं ठेवली. चांगली भारी साडी, निळ्या काठाची. मी लगेच ओळखलं.

आमच्याकडं बाप गेला की बहिणी रजिस्ट्री ऑफिसात जाऊन बापाच्या शेतावरचा हक्क सोडून देतात. हक्कसोड म्हणतात त्याला. सही झाली की भाऊ साडी नेसवतो, गोडधोड जेवू घालतो आणि विषय संपला. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांनी ती साडी नेसली आहे. त्या साडीचे ब्लाऊजही मीच शिवले आहेत. कुणी हसत आणून टाकतं, कुणी काही न बोलता.

"आक्का, बाबांच्या जागी वारसांची नावं लावायचीत," भाऊ म्हणाला. "पण तुझं नाव लावलं तर लय घोळ हाय बघ."

"कसला घोळ?"

"टॅक्स! नवा कायदा आलाय. लग्न झालेल्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागलं की तिचा हिस्सा दाजींच्या पगारात धरायलेत. दाजींना टॅक्स, आन वरून आमाला बी टॅक्स. निम्मं शेत त्यातच जातंय म्हणं."

आमचे हे कॉलेजात क्लार्क आहेत. पगारात धरतात एवढं ऐकलं आणि त्यांचा चहाचा घोट घशातच अडकला. "मग सही करून टाक की," ते म्हणाले. "उगं कशाला भानगड?"

मला शेत पाहिजे होतं का? खरं सांगते, पाहिजे होतं. पिकाचं सोडा, ते भावानंच खावं. पण बाबांच्या नावाखाली माझंही नाव असावं असं मला फार वाटायचं. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. बोलायची सोयच नव्हती. बहिणीनं नाव लाव म्हणलं की भाऊबंदकी सुरू झाली असंच लोक धरतात. त्यामुळं टॅक्सचं ऐकून मला वाईट वाटलं, तसं थोडं हलकंही वाटलं. चला, आता माझं कुणाशी भांडण नाही, सरकारच आडवं आलं. शुक्रवारी रजिस्ट्रीला यायचं मी कबूल केलं. भाऊ खुशीत जेवला, दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या त्यानं.

तो गेल्यावर मी त्या साडीचा ब्लाऊजपीस कापायला घेतला. टेप गळ्यात, खडू हातात, आणि एकदम माझा मलाच राग आला. अगं बाई, लोकांच्या बाह्या दोनदा मोजतेस आणि बापाचं शेत न मोजता सोडायला निघालीस? कुणाला विचारलंस तू?

माझ्या गिऱ्हाइकांत एका सीएची बायको आहे. तिच्या तयार ब्लाऊजांची पिशवी घेऊन दुसऱ्या दिवशी मी स्वतःच तिच्या घरी गेले. सीए साहेब घरीच होते. दारातच त्यांना विचारलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि माझ्याकडं असे बघायला लागले की मलाच अपराधी वाटलं.

"ताई, वारसाहक्कानं आलेल्या जमिनीवर आपल्याकडं टॅक्सच नाही," ते म्हणाले. "मुलगा असो, मुलगी असो, लग्न झालेली असो नसो. आणि तुमचा हिस्सा तुमच्या मिस्टरांच्या पगारात कसा धरतील? त्यांच्या वडिलांचं शेत आहे का ते?"

"आणि शेतातल्या पिकाचं?"

"शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नसतो. उद्या तुमची स्वतःची शिलाई खूप वाढली तर हिशोबात ते दाखवायचं असतं, तेव्हा या माझ्याकडं. पण नुसतं नाव लावलं म्हणून टॅक्स? कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

कुणी सांगितलं! सख्ख्या भावानं सांगितलं. मी त्यांच्या जिन्यावरच थांबले. लहानपणी ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं, त्यानं मला असं बनवावं? तिथूनच फोन लावला आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं.

"काय बोलायलीस आक्का?" तो बिचारा ओरडलाच. "मी कशाला खोटं बोलू? आपला कापूस विकून देतो त्या मानवतच्या आडत्यानं सांगितलंय मला. एवढा मोठा कारभार हाय त्याचा, त्याला ठावं नसंल? त्या सीएलाच ठावं नसंल नवा कायदा!"

माझा भाऊ खोटं बोलायच्या आधी खाकरतो. लहानपणापासूनची सवय आहे ती. तो खाकरला नाही. म्हणजे पठ्ठ्याचा खरंच विश्वास होता! माझा राग अर्धा उतरला आणि अर्धा त्या आडत्याकडं वळला. म्हणलं, थांब, तुझ्या मोंढ्यात येऊनच विचारते.

मंगळवारी मी मानवतची एसटी धरली. मोंढ्यात कापसाच्या गाड्या लागलेल्या, हमालांचा आरडाओरडा चाललेला, बोलायला जागा नाही. आडत्या गादीवर बसून एका कानाला फोन लावून होता. मी पेडगावची, अमक्याची बहीण, असं सांगितल्यावर त्यानं पाणी मागवलं.

"टॅक्सचं ना? हो, मीच सांगितलं की. चारचौघांना सांगितलं," तो म्हणाला.

"तुम्हाला कुठं कळलं?"

"मला कुठं फुरसत हाय ताई, कायदे वाचायला! घरातून कळलं. बायको म्हणली, मी पुढं सांगितलं. मागंच घर हाय, जाऊन विचारा तिला."

मी कपाळावर हात मारला. अख्ख्या मोंढ्याचा भरवसा ज्याच्यावर, त्याचा कायदा स्वयंपाकघरातून आलेला!

त्याची बायको आमच्या पेडगावचीच लेक. आमच्याच गल्लीतली, माझ्याहून लहान, मला आक्का म्हणते. मला दारात बघून ती केवढी हरखली. चहा टाकला, चिवडा काढला. मी विषय काढला तर म्हणाली, "खरंच हाय की आक्का. मी तर मागच्या महिन्यात गावाकडं जाऊन सही करून मोकळी झाले. आमच्या मालकांच्या धंद्याला कशाला टॅक्सचा ताप?"

"तू सही केलीस?"

"केली की. भावाला तर म्हायतीच नव्हतं. मीच त्याला फोन करून सांगितलं."

माझ्या हातातला चिवडा हातातच राहिला. माझी सही व्हायची तरी होती, हिची होऊन गेली होती! एका खोट्या टॅक्सपायी हिनं आपण होऊन, फोन करून, हक्क सोडला होता. मी तिला सांगितलं. असा टॅक्स नाही, मी सीएला विचारून आले, अजिबात नाही. आधी ती हसली. मग म्हणाली, "खरंच?" आणि कपाचा कान धरून बसून राहिली.

"त्या दिवशी लय रडले होते मी," ती म्हणाली. "मग म्हणलं, सरकारचंच हाय, कुणावर रागवावं?"

"पण तुला हे सांगितलं कुणी? नाव सांग त्याचं. मी त्याला सोडत नाही आता."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "असं काय करायलीस आक्का? तुमच्याच आईनं सांगितलं. दोन महिन्यांखाली गावाकडं गेले होते, तवा सोमवारी महादेवाच्या देवळात भजनाला भेटल्या होत्या. म्हणल्या, पोरी, असा असा टॅक्स आलाय, तुझ्या मालकाच्या कानावर घाल. तुमची आई म्हणून तर मला खरं वाटलं. म्हातारं माणूस कशाला खोटं बोलंल?"

मानवतहून पेडगावला कशी आले, एसटीत शेजारी कोण होतं, काही आठवत नाही. आईला कुणीतरी फसवलं असेल, एवढंच स्वतःला समजावत होते. दुसरं काही मनात येऊच देत नव्हते.

आई ओसरीवर बसून सुपात तूर पाखडत होती. मला अशी अवेळी आलेली बघून म्हणाली, "काय गं बाई, शुक्रवारी यायचं होतं न्हवं?"

"माय, त्या बहिणीच्या नावावरच्या टॅक्सचं तुला कुणी सांगितलं?"

तिनं सूप खाली ठेवलं नाही. पाखडत पाखडतच म्हणाली, "कुणी न्हाई. मीच काढलं ते."

एवढं सरळ! जशी काही मी भाजीत मीठ कुणी घातलं असं विचारलं होतं. माझी आई, जिनं लहानपणी आम्हाला खोटं बोललं म्हणून दारात उभं केलं होतं, तिनं एक कायदा तयार करून गावात सोडला होता! मी ओरडलेच. "का? माझं नाव तुला एवढं जड झालं?"

"आरडू नको," ती म्हणाली. "भावानं तुला तोंडानं मागितलं असतं तर काय केलं असतंस? न्हाई म्हणली असतीस तर भाऊ तुटला. हो म्हणली असतीस तर जल्मभर मनात खुपत राहिलं असतं. आन मी किती दिवसाची हाय? मी गेल्यावर ह्या दारात तुला या कोण म्हणंल? सरकारनं नेलं म्हणलं की कुणाचा कुणावर राग न्हाई. टॅक्सशी कोण भांडतंय?"

"मग ह्याला सरळ सांगायचं. मोंढ्यातून कशाला फिरवलंस?"

"घरातल्या बाईचं कोण ऐकतंय? आडत्यानं सांगितलं की ह्याला लगेच पटतंय."

मागं काहीतरी वाजलं म्हणून वळून बघितलं. भाऊ दुधाची कॅन घेऊन अंगणात उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"माय," तो म्हणाला, "मी कवा म्हणलं की आक्काचं नाव नको?"

"तू म्हणला न्हाईस. म्हणला असतास."

"कवा?"

"सगळेच म्हणतेत रे बाबा."

"मला टॅक्सचं भ्या घातलंस म्हणून मी साडी आणली! न्हाई तर मी तिघांची नावं लावायलो होतो की!"

पोटच्या पोराबद्दल आईनं आधीच सगळं ठरवून टाकलं होतं, आणि त्याच्या मनात तसं काही नव्हतंच. मला दोघांचीही कीव आली आणि संतापही आला. त्या संतापातच मी सांगून टाकलं. "तुझं ऐकून त्या आडत्याच्या बायकोनं सही केली. स्वतःहून. मागच्या महिन्यात."

सूप थांबलं. "कुणी? तिनं?" आईचा आवाज एकदम खाली गेला. "तिला कुणी सही कर म्हणलं? मी तर नवऱ्याला सांग म्हणलं होतं. तिनं कशाला... अरे देवा!"

"तुझ्यावर विश्वास ठेवला तिनं. हे असलं तुला सुचलं तरी कसं?"

ती सुपातली तूर चाळायला लागली. मग म्हणाली, "सुचायला काय लागतंय? माझ्या भावानं मला हेच सांगितलं होतं. तवा शेतसारा होता. बहिणीचं नाव लागलं की सारा दुप्पट होतोय म्हणला. माहेरी, चारठाण्याला जाऊन मी अंगठा देऊन आले."

मला धक्क्यावर धक्के बसत होते. "आणि तुला खोटं आहे हे कळलं कधी?"

"तवाच ठावं होतं. जाताना गाडीत तुझे बाबा म्हणले, असं कायबी नसतंय. मी म्हणलं, गप बसा तुमी. मला माहेर ठेवायचंय."

माहीत असून! माहीत असून तिनं अंगठा दिला, आणि उभ्या जन्मात आम्हाला एका शब्दानं बोलली नाही. तोंडात आलेला प्रश्न मी गिळायला पाहिजे होता, पण माझ्याच्यानं राहवलं नाही.

"मग राहिलं का माहेर?"

भाऊच बोलला, तेही तिला टोचायला म्हणून नाही. खरंच आठवून बघत तो मला म्हणाला, "आक्का, मामाचं घर कसं हाय गं? मी पाहिलंच न्हाई कवा."

मीही पाहिलं नव्हतं. सुट्ट्यांत गल्लीतली सगळी पोरं मामाच्या गावाला जायची आणि आम्ही इथंच. आई म्हणायची, तिकडं बस जात नाही. चारठाण्याला बस जात नाही! आणि आम्ही ते खरं मानून मोठे झालो. चारठाणं जिंतूरजवळच, आणि कितीतरी वेळा जिंतूरवरून गेले असेन मी, पण कधी कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

"दारात चिंच हाय," आई म्हणाली. "आडाला गोड पाणी हाय. चिंच हाय का तोडली, आता कुणाला विचारू?" आणि तिनं पदर तोंडाला लावला. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. भाऊ कॅन खाली ठेवून तिच्याजवळ बसला. मी उभीच होते. मला तिच्या जवळ जावंसं वाटत होतं आणि जाववत नव्हतं, कारण राग गेलाच नव्हता माझा. आजही पुरता गेलेला नाही.

शुक्रवारी आम्ही रजिस्ट्रीला गेलो नाही. भाऊ सकाळीच तलाठ्याकडं जाऊन तिघांच्या नावांचा अर्ज देऊन आला. मग आई म्हणाली, मला मानवतला न्या. म्हणून आम्ही तिघं मानवतला गेलो.

आडत्याच्या बायकोनं तिला बसायला चटई टाकली. आई बसलीच नाही. उभ्यानंच म्हणाली, "पोरी, टॅक्स बिक्स काय न्हाई. मी खोटं बोलले होते. माझ्या घरापुरतं बोलले होते, तुझ्या घरात जाईल असं वाटलं न्हाई मला."

ती पोर माझ्याकडं बघायला लागली, मग आईकडं. तिला रडावं का ओरडावं तेच कळेना. "आता सांगून काय करू मावशी?" ती म्हणाली. "सही तर झाली. सीए म्हणू द्या, वकील म्हणू द्या, आता भावानं आपण होऊन दिलं तरच. आन मीच त्याला फोन करून घे म्हणलेली. परत दे असं कसं मागू? लगीच म्हणंल, बहीण हिश्शाला आली."

"तू मागू नको," आई म्हणाली. "मी मागते. तू नुसती माझ्यासंगं पेडगावला चल."

"आन त्यानं दार लावून घेतलं तर?"

"तर माझ्या तोंडावर लावंल. तुझं माहेर तुटणार न्हाई," आई म्हणाली, आणि चपला घालायला दाराकडं निघाली.